छोट्या हेलिकॉप्टरचे फेरे कां ढळतात?

मॉडेल हेलिकॉप्टर नव्यानें हातीं घेणाऱ्याची पहिली तक्रार बहुधा उडविण्याच्या कौशल्याविषयीं नसते. ती इंजिनाविषयीं असते. इंजिन चालू होतें, पण डोक्यावरील पातीं आळसावल्यासारखीं फिरतात. किंवा जमिनीवर सारें ठीक वाटतें आणि यंत्र पुरुषभर वर चढतांच त्याचा दम सुटतो. किंवा याच्या उलट, पातीं इतकीं पिसाटतात कीं, दांडी किंचित् हलवितांच यंत्र आभाळाकडे झेपावतें. अशा वेळीं नवशिक्याचा हात एकाच जागीं जातो : कार्ब्युरेटरच्या बाजूस असलेल्या सुईकडे. ती थोडी इकडे, थोडी तिकडे फिरविली म्हणजे वेग जागेवर येईल, अशी त्याची समजूत असते. ही समजूत महागांत पडते. फेऱ्यांचा दोष प्रत्येक वेळीं इंजिनांतच असतो असें नाहीं. आणि जेथें दोष नाहीं तेथें केलेली दुरुस्ती हाच दुसरा दोष होऊन बसतो. तेव्हां सुईला हात लावण्यापूर्वीं दोष कोणत्या बाजूस आहे हें ओळखावें कसें, एवढ्याच प्रश्नाचा येथें विचार करावयाचा आहे.

ज्या यंत्राविषयीं हा विचार आहे तें '३०' वर्गाचें नायट्रो हेलिकॉप्टर होय. ३० हा आंकडा इंजिनाच्या आकारमानाचा. तें ०.३० घन इंच, म्हणजे सुमारें ५ घन सेंटिमीटर भरतें; चहाच्या एका चमच्यांत मावेल एवढें! यंत्र उंचीनें हातभर आणि लांबीनें अडीच हात. रेडिओच्या लहरींनीं दुरून चालविलें जाणारें हेलिकॉप्टर व्यवहारांत आणण्याचें श्रेय बव्हंशीं जर्मनींतील डीटर श्ल्यूटर यांस दिलें जातें. १९७० च्या सुमारास त्यांच्या यंत्रांनीं ही गोष्ट सिद्ध करून दाखविली. पुढें जपानमधील हिरोबो कंपनीचें 'शटल' आणि तैवानमधील थंडर टायगर कंपनीचें 'रॅप्टर' हीं ३० वर्गांतील यंत्रें नवशिक्यांच्या हातीं विशेष रुळलीं. आतां विजेच्या घटांवर चालणाऱ्या हेलिकॉप्टरांचा प्रसार फार झाला आहे. तथापि इंजिनाचा आवाज, धूर आणि तेलाचा वास यांची गोडी लागलेले शौकीन अद्यापि नायट्रोलाच चिकटून आहेत, आणि जुनीं यंत्रें नव्या हातांत येतच असतात.

प्रथम फेऱ्यांना एवढें महत्त्व कां, तें पाहूं. ह्या यंत्राचीं मुख्य पातीं प्रत्येकीं सुमारें ५५० मिलिमीटर लांब असतात, आणि फिरतांना त्यांच्या टोंकांनीं आंखलेल्या वर्तुळाचा व्यास सुमारें सव्वा मीटर भरतो. यंत्र एका जागीं तरंगत असतां पातीं मिनिटाला साधारणतः १,५०० ते १,६०० फेरे घेतात. त्याच वेळीं इंजिन १४,००० ते १५,००० च्या आसपास फेरे घेत असतें. मधल्या दांतेरी चाकांनीं हा वेग नऊ-दहा पटींनीं उतरविलेला असतो. पात्यांनीं मिळणारा उचल देणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलतो. म्हणजे फेरे १,६०० वरून १,४४० वर आले, एक दशांशानें घटले, तर जोर एक दशांशानें नव्हे, जवळजवळ एक पंचमांशानें घटतो. यंत्र खालीं येऊं लागतें. घाबरलेला नवशिका दांडी वर ओढतो. त्यासरशीं पात्यांचा कोन वाढतो, कोनाबरोबर हवेचा विरोध वाढतो आणि फेरे आणखीच उतरतात. शेपटीकडील लहान रोटर ह्याच दांतेरी चाकांशीं जोडलेला असल्यामुळें त्याचाही जोर सुटतो, आणि यंत्राचें तोंड भलत्याच दिशेस फिरूं लागतें. पुष्कळ यंत्रें 'उडवितां आलीं नाहींत' म्हणून पडलीं असें म्हटलें जातें. वस्तुतः तीं फेरे उतरल्यामुळें पडलेलीं असतात.

येथेंच एक इशारा दिला पाहिजे. १,६०० फेऱ्यांच्या वेळीं पात्याच्या टोंकाचा वेग ताशीं ३७० किलोमीटरांहून अधिक असतो. हें खेळणें दिसत असलें, तरी ह्या पात्याचा फटका हाडापर्यंत जाणारा असतो. म्हणून पुढें सांगितलेली कोणतीही तपासणी मुलांच्या गराड्यांत, गच्चीवर किंवा अंगणांत करूं नये. इंजिन चालू करतांना रोटरचें डोकें एका हातानें घट्ट धरून ठेवावें, दांडी तळाशीं असावी, आणि ट्रान्समीटरवर इंजिनाचे फेरे वाढवून ठेवणारी कळ बंद आहे हें दोनदां पाहावें. ही कळ चुकून चालू राहिली तर इंजिन सुरू होतांच भरधांव सुटतें, आणि डोकें धरलेला हात संकटांत सांपडतो.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. रोटरचे फेरे हा एक जमाखर्च आहे. इंजिन जी शक्ति निर्माण करतें ती जमेची बाजू. पातीं हवा खालीं ढकलण्यांत जी शक्ति खातात ती खर्चाची बाजू. क्लच व दांतेरी चाकें हा मधला व्यवहार. तेथें गळती असूं शकते. तिन्ही गोष्टींचा मेळ बसला म्हणजे फेरे स्थिर राहतात. घरांत महिनाअखेर पैसे पुरत नसले तर पगार कमी आहे, खर्च जास्त आहे, कीं वाटेंत कोठें गळती आहे, हें शहाणा गृहस्थ आधीं पाहतो. दर वेळीं मालकाकडे पगारवाढ मागत सुटत नाहीं. सुई फिरवीत बसणारा नवशिका मात्र नेमकी पगारवाढच मागत असतो.

ह्या यंत्रांत जमा आणि खर्च हीं दोन्ही एकाच दांडीला बांधलेलीं असतात, हें त्याचें वैशिष्ट्य. दांडी वर केली कीं एक सर्व्हो कार्ब्युरेटर उघडतो आणि दुसरा पात्यांचा कोन वाढवितो. दांडीच्या प्रत्येक स्थानीं कार्ब्युरेटर किती उघडावा व कोन किती असावा, ह्या दोन आलेखांची जोडी ट्रान्समीटरांत भरून ठेवावी लागते. ही जोडी जुळली नसेल तर उत्तमांतलें उत्तम इंजिनही फेरे राखूं शकत नाहीं.

म्हणून पहिलें काम मोजमापाचें. कानाला 'मंद' वाटणारा वेग खरोखर किती मंद आहे, हें ठाऊक नसतां दुरुस्ती करणें म्हणजे अंधारांत बाण मारणें. ह्यासाठीं प्रकाशावर चालणारा टॅकोमीटर मिळतो. आकाशाच्या पार्श्वभूमीवर पातीं जातांना प्रकाश कितीदां अडतो तें तो मोजतो. टॅकोमीटर खरा आहे कीं नाहीं हें घरींच पाहतां येतें. आपल्या देशांतील वीजप्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करतो, आणि चोक बसविलेल्या जुन्या दंडदिव्याचा प्रकाश त्यामुळें सेकंदास १०० वेळां लुकलुकतो. टॅकोमीटर दोन पात्यांसाठीं लावून अशा दिव्यासमोर धरला, तर त्यानें ३,००० हा आंकडा दाखविला पाहिजे. अमेरिकेंत, जेथें आवर्तनें ६० आहेत, तेथें हाच आंकडा ३,६०० येतो. मैदानावर मात्र मोजणी दुसऱ्या माणसानें, निदान दहा पावलें दूर उभें राहून करावी. उडविणाऱ्याची नजर यंत्रावरून ढळतां कामा नये.

आंकडा हातीं आला म्हणजे जमेची बाजू पाहावी. नायट्रो इंजिनाचें इंधन म्हणजे मिथिल अल्कोहोल, तेल आणि नायट्रोमिथेन यांचें मिश्रण. तेल बहुधा शेंकडा १८ ते २२, आणि नायट्रोमिथेन हेलिकॉप्टरच्या इंधनांत शेंकडा १५ ते ३० असतें. नायट्रोमिथेनमध्यें स्वतःचा प्राणवायु असल्यामुळें सिलिंडरांत तेवढ्याच हवेंत अधिक इंधन जाळतां येतें व शक्ति वाढते. ह्या इंजिनाला ठिणगी लागत नाहीं. १९४७ सालीं अमेरिकेंत रे आर्डेन यांनी जो ग्लो-प्लग बाजारांत आणला, त्यांत प्लॅटिनमच्या तारेचें बारीक वेटोळें असतें. आरंभीं दीड व्होल्टच्या घटानें तें लालबुंद करावयाचें; पुढें ज्वलनाच्या उष्णतेनें, आणि प्लॅटिनमच्या सान्निध्यांत अल्कोहोलची वाफ पेटते ह्या गुणानें, तें आपोआप तापलेलें राहतें. घट काढतांच इंजिन बंद पडत असेल किंवा त्याचा वेग एकदम उतरत असेल, तर आधीं प्लग बदलून पाहावा. वेटोळें वांकडें, पांढुरकें किंवा खरबरीत दिसत असल्यास तो प्लग टाकून द्यावा. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधीं करावयाची दुरुस्ती ती हीच.

इंधन स्वतः जुनें झालेलें नाहीं ना, हेंही पाहावें. मिथिल अल्कोहोल हवेंतील ओलावा शोषून घेतें. मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत बूच सैल राहिलेल्या डब्यांतील इंधन कांहीं दिवसांतच निकामी होतें, आणि मग इंजिन कोणत्याही सुईला दाद देत नाहीं. शिवाय हें द्रव्य विषारी आहे. थोडेंसें पोटांत गेलें तरी दृष्टि जाण्याचा, प्रसंगीं प्राण जाण्याचा संभव असतो. आणि त्याची ज्योत उन्हांत जवळजवळ दिसत नाहीं. डबा घट्ट बुचाचा, नांव लिहिलेला आणि स्वयंपाकघरापासून व मुलांच्या हातांपासून दूर असावा.

आतां सुई. कार्ब्युरेटरमधील मुख्य सुई इंधनाची वाट कमी-जास्त करते. ती उजवीकडे फिरविली कीं वाट आंकसते व मिश्रण विरळ होतें. डावीकडे फिरविली कीं वाट मोकळी होते व मिश्रण दाट होतें. विरळ म्हणजे हवेच्या मानानें इंधन थोडें. दाट म्हणजे इंधन फार. दाट मिश्रणावर इंजिन गुळण्या केल्यासारखा भरड आवाज काढतें, मागें दाट पांढरा धूर सोडतें, आणि वेग घ्यावयास आळस करतें. सुई उजवीकडे नेतांच आवाज स्वच्छ होतो, फेरे वाढतात. नवशिक्याचा मोह येथूनच सुरू होतो. आणखी थोडी फिरविली तर आणखी थोडे फेरे मिळतात; आणि एका मर्यादेपलीकडे इंजिन चिरक्या आवाजांत पळूं लागतें, धूर नाहींसा होतो, आणि ऐन चढाईंत तें कोसळतें.

ह्या कोसळण्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. ह्या इंजिनाला वंगणाचा निराळा डबा नाहीं. त्याचें सारें तेल इंधनांतूनच येतें, आणि त्याचा थंडावाही बऱ्याच अंशीं अल्कोहोलची वाफ होतांना मिळतो. इंधन कमी केलें म्हणजे तेलही कमी केलें आणि थंडावाही कमी केला. जेव्हां इंजिनाकडून अधिक काम घेतलें जातें, त्याच वेळीं त्याचें पाणी तोडल्यासारखें होतें. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामधला तेलाचा पातळ पडदा फाटतो, चरे पडतात, दाब सुटतो. आणि एका संध्याकाळच्या उतावळेपणांत नवें इंजिन म्हातारें होतें. दाट मिश्रणानें इंजिन आळशी होतें. विरळ मिश्रणानें तें मरतें. शंका असेल तेव्हां दाट बाजूस राहावें, हा नियम ह्यावरूनच निघाला आहे. नव्या इंजिनाच्या पहिल्या कांहीं टाक्या तर जाणून-बुजून दाट मिश्रणावरच चालवावयाच्या असतात.

मिश्रण बरोबर आहे हें ओळखण्याच्या खुणा तीन : धूर, आवाज आणि उष्णता. चढाईंतही मागें धुराची बारीक पण अखंड रेषा दिसली पाहिजे. आवाज भरडही नको, चिरकाही नको. उष्णतेसाठीं यंत्र उतरवावें, इंजिन बंद करावें, पातीं पूर्ण थांबूं द्यावींत आणि इंजिनाच्या मागील झांकणास बोट लावून पाहावें. तीन-चार सेकंद बोट ठेववत असेल तर ठीक. लागतांच मागें घ्यावें लागत असेल तर मिश्रण विरळ आहे. सिलिंडरच्या माथ्याला किंवा मफलरला मात्र बोट लावूं नये. तेथें निश्चित भाजतें. सुई हलवावयाची ती एका वेळीं एक-दोन खांचा, अधिक नव्हे. आणि प्रत्येक वेळीं ह्या तिन्ही खुणा पुन्हां पाहाव्या. बहुतेक इंजिनांस आरंभीं दीड ते दोन फेरे उघडी सुई चालते. तथापि त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेंत दिलेला आंकडा प्रमाण मानावा.

सुई जागच्या जागीं असूनही मिश्रण आपोआप विरळ होत असेल, तर दोष टाकींत किंवा नळ्यांत शोधावा. टाकींतील नळीच्या टोंकाला एक जड तुकडा असतो. यंत्र कसेंही कललें तरी तो इंधनाच्या तळाशीं राहतो. तो निसटला, किंवा नळी दुमडून पुढेंच अडकली, तर टाकी अर्धी रिकामी होतांच इंजिनाला हवेचे घोट मिळूं लागतात. मफलरमधून टाकीला दाब देणारी नळी सुटली किंवा तेलानें चोंदली, तरी परिणाम तोच. नळीला सुईच्या अग्राएवढें भोंक पडलें असल्यास तें डोळ्यांना दिसत नाहीं. नळी काढून, एक टोंक बोटानें दाबून पाण्यांत बुडवावी व दुसऱ्या टोंकांतून रबरी फुग्यानें हवा भरावी. बुडबुडे भोंकाची जागा दाखवितात. पहिलीं पांच मिनिटें उत्तम चालून मग दगा देणाऱ्या इंजिनाचें दुखणें पुष्कळदां एवढेंच असतें.

संथ चालीसाठीं कार्ब्युरेटरांत दुसरी, लहान सुई असते. इंजिन संथ चालत असतां, रोटरचें डोकें धरून, इंधनाची नळी क्षणभर चिमटावी. वेग किंचित् वाढून दोन-तीन सेकंदांनीं इंजिन मंदावूं लागलें तर संथ मिश्रण ठीक. वेग पुष्कळ वाढून बराच वेळ टिकला तर तें दाट. चिमटतांच इंजिन मेलें तर विरळ. दांडी वर करतांना मध्येंच अडखळणाऱ्या इंजिनाचा दोष बहुधा ह्या लहान सुईंत असतो; नवशिका मात्र मोठ्या सुईवर राग काढतो.

आणि हें सारें करण्यापूर्वीं एक साधी गोष्ट : दांडी पूर्ण वर नेली असतां कार्ब्युरेटरचें दार खरोखर पूर्ण उघडतें काय? इंजिन बंद ठेवून, हवागाळणी काढून आंत डोकावून पाहावें. सर्व्होचा हात आंखूड छिद्रांत अडकविला असेल, किंवा जोडसळई लांबीला चुकली असेल, तर दार तीन-चतुर्थांशच उघडतें. इंजिनाला पूर्ण शक्तीची संधीच मिळत नाहीं. दार अर्ध्यावर अडूं नये, सर्व्हो टोंकाशीं करकरूं नये, आणि इंजिन बंद करावयाच्या वेळीं दार पूर्ण मिटावें.

जमेची बाजू चोख निघाली म्हणजे मधल्या व्यवहाराकडे वळावें. इंजिन आणि रोटर यांच्यामध्यें क्लच असतो. इंजिन वेग घेऊं लागलें कीं क्लचचे जोडे बाहेर फेंकले जाऊन घंटेच्या आकाराच्या वाटीला आंतून धरतात. संथ चालींतही रोटर फिरत असेल, तर संथ चाल अधिक ठेवली आहे किंवा क्लचचे जोडे वांकले अथवा सैल झाले आहेत असें समजावें. उलट इंजिनाचा आवाज चढतो पण रोटर चढत नाहीं, जळका वास येतो, वाटी तापते, अशी स्थिति असली तर क्लच घसरतो आहे. अस्तर झिजलें आहे किंवा त्यावर तेल गेलें आहे. अशा वेळीं सुई फिरवून कांहींही साधावयाचें नाहीं. दांतेरी चाकें फार घट्ट बसविलीं असल्यास तींही शक्ति खातात. दोन चाकांमध्यें साध्या वहीच्या कागदाची पट्टी घालून चाकें फिरवावींत; कागदावर घड्या पडाव्या, पण तो फाटूं नये, एवढें अंतर योग्य. शेवटीं इंजिन थंड व बंद असतां रोटर हातानें फिरवून पाहावा. कोठेंही खडखड किंवा अडखळ जाणवली, तर त्या जागचें बेअरिंग तपासावें.

खर्चाची बाजू म्हणजे पात्यांचा कोन. हा कोन अंदाजानें ठरवीत नाहींत. पात्याला चिमटून बसणारें कोनमापक मिळतें, त्यानें मोजतात. नवशिक्याच्या यंत्रांत दांडी तळाशीं असतां कोन उणे दोन ते शून्य अंश, मधोमध सुमारें पांच ते साडेपांच, आणि वरच्या टोंकाला नऊ ते दहा अंश ठेवण्याची रीत आहे. जोडसळईच्या एका-दोन आट्यांनीं हा कोन अंशभर सरकतो. आणि वरच्या टोंकाला अकरा-बारा अंश झाले कीं ५ घन सेंटिमीटरचें बिचारें इंजिन तेवढा भार ओढूं शकत नाहीं. दोन्ही पात्यांचे कोनही सारखे पाहिजेत. टोंकांना निरनिराळ्या रंगांच्या चिकटपट्ट्या लावल्या, तर कोणतें पातें वर व कोणतें खालीं धांवतें तें दुरून कळतें. पातीं असमान असलीं, किंवा त्यांचीं वजनें सारखीं नसलीं, कीं यंत्र थरथरतें. थरथरीनें टाकींतील इंधनाला फेंस येतो. फेंसाबरोबर इंजिनाला हवा जाते. आणि मिश्रण विरळ होतें. दुखणें दिसतें इंजिनांत, मूळ असतें पात्यांत!

आतां ह्या तिन्ही बाजू एकत्र ठेवून नेहमींच्या तक्रारींचा निवाडा करतां येतो. चढतांना फेरे उतरतात. धूर दाट, आवाज भरड, झांकण कोमट : मिश्रण दाट आहे, सुई एक-दोन खांचा आंत घ्यावी. चढतांना फेरे उतरतात. धूर नाहीं, आवाज चिरका, झांकण चटका देणारें : मिश्रण विरळ आहे, तात्काळ उतरून सुई बाहेर काढावी. चढतांना फेरे उतरतात. पण धूर, आवाज आणि उष्णता तिन्ही बरोबर : इंजिन निर्दोष आहे, वरच्या टोंकाचा कोन एक अंशानें कमी करावा. आवाज चढतो, रोटर चढत नाहीं : क्लच. तरंगतांना फेरे फार, आणि दांडी मध्याच्या बरीच वर न्यावी लागते : मधल्या स्थानीं कोन थोडा आहे, तो वाढवावा. तरंगतांना फेरे फार, पण दांडी मध्यावरच आहे आणि मोजलेला कोन बरोबर : कार्ब्युरेटरचा मधला आलेख उतरवावा. एकाच तक्रारीचे तीन निरनिराळे उपाय कसे निघतात, आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या नेमका उलट कसा असतो, हें पहिल्या तीन प्रकारांवरून ध्यानांत येईल. खुणा न पाहतां उपाय करणारा तिघांपैकीं दोनदां चुकतो.

कांहीं वेळां यंत्रांत कोणताच दोष नसतो. हवा बदललेली असते. मुंबईच्या समुद्रकांठीं जुळविलेलें यंत्र महाबळेश्वराच्या पठारावर नेलें, तर सुमारें १,३५० मीटर उंचीवरील हवा जवळजवळ एक अष्टमांशानें विरळ असते. इंजिनाला हवा कमी मिळते, म्हणून तीच सुई तेथें दाट मिश्रण देऊं लागते. आणि पात्यांनाही तेवढ्याच वजनासाठीं अधिक फेरे किंवा अधिक कोन लागतो. थंड सकाळीं हवा घन असते, त्यामुळें सुई एखादी खांच बाहेर काढावी लागते. भर दुपारीं उलट. म्हणून काल जुळलेली सुई आज चुकली यांत नवल नाहीं. आज उड्डाणापूर्वीं तीन खुणा पुन्हां पाहिल्या नाहींत, तर मात्र चूक आहे.

फेरे आपोआप स्थिर राखणारा गव्हर्नर नांवाचा विजेवर चालणारा उपकारी साहाय्यकही मिळतो. इंजिनाच्या पंख्यावर बसविलेल्या लोहचुंबकांवरून तो फेरे मोजतो व कार्ब्युरेटरचें दार स्वतःच उघडतो-मिटतो. अनुभवी हातांत तो फार उपयोगी पडतो. परंतु नवशिक्यानें आरंभींच तो लावला, तर क्लच घसरला काय किंवा कोन चुकला काय, गव्हर्नर दार अधिक उघडून ती उणीव झांकीत राहतो. आणि झांकलेली उणीव एके दिवशीं एकदम उघडी पडते. आधीं त्याच्यावांचून जमाखर्च जुळवावा. मग त्याची मदत घ्यावी.

ह्या साऱ्या विवेचनांतून नवशिक्यानें तीन गोष्टी गांठीं बांधाव्या. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या आणि यंत्र सुधारलें, तर कशानें सुधारलें तें कळत नाहीं, आणि बिघडलें तर कशानें बिघडलें तेंही कळत नाहीं. प्रत्येक बदल वहींत लिहावा : तारीख, हवा, सुईचे फेरे, मोजलेले रोटरचे फेरे, धूर कसा, झांकण कसें. आणि दोष सांपडला नसतां 'बघूं काय होतें तें' म्हणून यंत्र वर नेऊं नये. जमिनीवर लक्षांत आलेली शंका हवेंत आपोआप मिटत नाहीं. पाऊणशें फुटांवर इंजिन बंद पडलें, तर फिरत्या पात्यांच्या उरलेल्या वेगावर यंत्र सुखरूप उतरविण्याची विद्या आहे. परंतु ती अनुभवी माणसाची विद्या आहे, आणि तीही पात्यांत पुरेसे फेरे शिल्लक असतील तरच उपयोगी पडते. फेरे हेंच ह्या यंत्राचें भांडवल. तें उडविण्यापूर्वीं मोजावें, उडतांना राखावें, आणि घटलें तर जमा, खर्च व गळती ह्या क्रमानें हिशेब तपासावा. सुई त्या हिशेबांतील एक रकम आहे. सारा हिशेब नव्हे.